दोघांचं चिंतन



दिंडीला शंभर वर्षं झाली, चार शब्द लिहा, असं मंडळींनी सांगितलं. माझी शाळा चौथीपर्यंत. मुक्कामांचा आणि विणेकऱ्यांचा इतिहास दुसरे लिहितीलच. मी वाटेनं दोन माळकरी बोलत चालतात त्यावर लिहितो. त्याला आपण गप्पा म्हणतो, पण आपले थोर ग्रंथ अशा बोलण्यातूनच झालेत.

माउलींनी शके १२१२ ला, म्हणजे सन १२९० ला, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली. मुळात गीता हेच कृष्ण-अर्जुनाचं बोलणं, तेही दोन फौजांच्या मधी उभं राहून. ते सांगताना माउली घडीघडी निवृत्तिनाथांकडं वळतात. म्हणजे एका संवादाच्या पोटात दुसरा संवाद.

चांगदेवांची कथा सांगताना आम्ही कीर्तनकार वाघ रंगवतो, लोकांना वाघ आवडतो. मला मात्र तो कोरा कागद मोठा वाटतो. माउली वयानं लहान, अधिकारानं थोर. आशीर्वाद लिहावा का नमस्कार, हेच चांगदेवांना कळेना, म्हणून कोरंच पत्र धाडलं. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून माउलींनी ६५ ओव्यांचं उत्तर दिलं, तीच चांगदेव पासष्टी. तिचा भाव असा, की भेटायचं म्हणतो खरं, पण तू आणि मी असे दोघं आहेत कुठं? आरसा समोर नसला तरी तोंड असतंच. असं बोलत बोलत दोनपण गळून पडतं. ध्यान ध्यान म्हणतात ते याहून निराळं काय असेल?

आणि आपल्या गोदामाईच्या वरच्या अंगाला पैठण. नाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर टीका केली, अध्याय ३१. पैठणला सुरू झालेला ग्रंथ काशीत शके १४९५ ला, सन १५७३ ला, पुरा झाला. त्यात ७ ते २९ अध्याय कृष्ण आणि उद्धव बोलतात. देव निजधामाला निघालेले, उद्धवाचा जीव कासावीस. तो विचारतो, देव सांगतात, तो फिरून विचारतो. देव एवढ्या घाईत, तरी एकदाही "आता पुरे" म्हणाले नाहीत.

आमची पण एक जोडी होती. मला अक्षर जुळवायला वेळ लागायचा, म्हणून दिंडीतला माझा सोबती वाचायचा. मुक्कामाला पाय चोळत एक ओवी घ्यायची. तो वाचणार, मी विचारणार. त्याला उत्तर सुचलं नाही तर ओवी तशीच ठेवायची, दुसऱ्या दिवशी चालताना पुन्हा काढायची. एका ओवीवर आम्ही तीन मुक्काम काढलेत. माझं सगळं कीर्तन त्या विचारण्यातून आलंय, गुरुकुलात मी गेलो नाही.

सोबती वारला. भागवतात खूण विसाव्या अध्यायात राहिली. दोन वर्षं मी पोथी उघडली नाही. एकट्यानं वाचलं की अक्षरं दिसायची, पण विचारायचं कुणाला?

आता दिंडीत नवी पोरं आलीत, वाचन त्यांचं झरझर. त्यातलं एक रात्री माझ्यापाशी बसतं. भराभर पुढं जातं, विचारत काही नाही. मग मीच म्हणतो, "थांब बाळा, उद्धवानं हे का विचारलं असंल?" ते गप बसतं. परवा मात्र सकाळी चालताना मागून पळत आलं अन् म्हणालं, "आबा, रातच्या त्या ओवीचं मला कायतरी सुचलंय."