कॅमेऱ्याकडे मागताना

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि महिनाभराहून जास्त दिवस, रोज एक अशी त्यांची फ्रेम घेतली. पडद्यावर कोंब सरसर वर आला. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. रोज एक फ्रेम, हा दर वाटाण्याच्या वाढीनं ठरवला होता. कोडमधून कॅमेऱ्याकडे फ्रेम्स मागायला शिकणाऱ्याला मी पहिल्यांदा तीच कुंडी दाखवतो, कारण ‘किती फ्रेम्स?’ याचं उत्तर समोरच्या वस्तूकडे असतं.

हे पुस्तक हिंजवडीत लिहिलं गेलं. वाहनांचं सॉफ्टवेअर करणारी केपीआयटीसारखी कंपनी इथलीच. कॅमेऱ्याच्या डोळ्यानं रस्ता वाचणारा कोड लिहायची इच्छा असलेली मुलं या परिसरात रोज भेटतात. त्यांतले बहुतेक जण वेबकॅमपासून सुरुवात करतात. ती चांगलीच सुरुवात आहे.

ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीत रुंदी, उंची आणि फ्रेम रेट मागायला तीन ओळी पुरतात. पण ती मागणी असते, हुकूम नव्हे. लिनक्समध्ये कॅमेरा हाताळणाऱ्या व्ही४एल२मध्ये तर तसा नियमच आहे: मागितलेला आकार जमत नसेल तर ड्रायव्हर जमेल तो देतो आणि काय दिलं ते परत कळवतो. ते न वाचता पुढे गेलात, तर ६४० बाय ४८०च्या चित्रावर १२८० बाय ७२०चं गणित चालवत बसाल.

मागितल्यापेक्षा कमी फ्रेम्स का मिळतात, हे एकदा कागदावर मांडून बघाच. १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६०० पिक्सेल. न दाबलेल्या वाय-यू-वाय-व्ही स्वरूपात दर पिक्सेलला दोन बाइट, म्हणजे एका फ्रेमला १८,४३,२०० बाइट. सेकंदाला ३० फ्रेम्स धरल्या तर सुमारे ४४ कोटी बिट. यूएसबी २.०ची कागदावरची क्षमता ४८ कोटी, आणि तीतला बराच भाग देवाणघेवाणीच्या व्यवस्थेतच जातो. म्हणून पुष्कळ वेबकॅम या आकाराला न दाबलेल्या दहाच फ्रेम्स देतात. एमजेपीजी मागा, प्रत्येक फ्रेम जेपेग होऊन येते आणि तिसाला वाट मिळते. स्वरूप आधी मागा, आकार मग. हा क्रम उलटला की अनेक ठिकाणी गाडं अडतं.

उजेडाचं प्रकरण मला सगळ्यांत प्रिय आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंदावते आणि उजळते. कॅमेरा ६० हर्ट्झच्या देशासाठी लावलेला असेल, तर भिंतीवर काळसर पट्टे सरकताना दिसतात. नवखा माणूस कोडमध्ये चूक शोधत राहतो. एक्स्पोजर १/१०० किंवा १/५० सेकंद करा, पट्टे जातात. संध्याकाळी खोली अंधारली की आपोआप एक्स्पोजर लांबतं आणि ३०चे १५ होतात, तेही कोडची एक ओळ न बदलता.

ब्राउझरमधून कॅमेरा मागताना आकड्याला ‘आयडियल’ म्हटलं तर तडजोड होते, ‘एक्झॅक्ट’ म्हटलं आणि जमलं नाही तर कॅमेरा उघडतच नाही; त्यावर शेवटचं छोटं प्रकरण आहे.

आता कॅमेरा जोडा. ३० मागा, मिळालेला आकडा वाचा, आणि मग घड्याळ लावून शंभर फ्रेम्स स्वतः मोजा. पहिलं प्रकरण त्या मोजणीपासून सुरू होतं.