मणी उरतात, दोरा जातो

कवितेचे ‘आशयसूत्र’ वर्गात शिकवताना ‘सूत्र’ म्हणजे मुळात दोरा, हे आपण विसरतो. आम्हांला त्याची आठवण पेठेतल्या पटवेकऱ्याच्या दुकानात झाली.

धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे सातवाहनकालीन व्यापारकेंद्र. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणहून भडोचला जाणाऱ्या मौल्यवान दगडांचा आणि तगरच्या कापडाचा उल्लेख येतो. तेरच्या वस्तुसंग्रहालयात त्या काळचे दगडाचे, काचेचे मणी आजही पाहावयास मिळतात. दोरा मात्र केव्हाच कुजून गेला. कोणत्या मण्याशेजारी कोणता मणी होता, हे सुटा मणी सांगू शकत नाही. ती रचना करणारा हातही इतिहासाला अज्ञातच राहिला.

पटवेकरी नेमके हेच काम करतो. रेशीम वळणे, काळी पोत ओवणे, वाट्या मधोमध बसवणे, शेवटी गोंडा बांधणे. दागिन्याचे श्रेय सराफाला मिळते. गाठीवर कोणाचेच नाव नसते. जात्यावरच्या ओव्यांचेही असेच झाले. ओव्या संग्रहांत आल्या, पण त्या रचणाऱ्या कितीतरी बायका निनावीच राहिल्या.

आता तयार साखळीतली मंगळसूत्रे आली आणि ओवून घेणारी गिऱ्हाइके कमी झाली. म्हणून यंदा आम्ही विद्यार्थ्यांना पुस्तकाऐवजी या दुकानात पाठवले आहे. गाठींची नावे त्यांनी कारागिराकडूनच ऐकून, त्याच्या नावासह लिहून आणावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.