ठसा, पट्टा आणि नजर

काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेच्या प्राणिगणनेला ताडोबातील एका पाणवठ्यावर मचाणावर बसलो होतो. मध्यरात्रीच्या सुमारास समोरच्या बांबूच्या बेटात वाघ दिसला. कान, पाठ, शेपटीचा बाक, सारे स्पष्ट. सोबतचा वनमजूर हळूच म्हणाला, "मोहाचा खुंट आहे जी तो. काल बी तिथंच होता." त्यानंतर पहाटेपर्यंत त्या खुंटात मला वाघ काही दिसला नाही. चांदणे तेच, डोळेही तेच होते.

या अनुभवामागचे शास्त्र शंभर वर्षे जुने आहे. डेन्मार्कच्या एडगर रुबिन यांनी १९१५ मध्ये एकाच चित्रात कधी फुलदाणी, तर कधी समोरासमोरचे दोन चेहरे दिसतात हे दाखवले. जर्मनीत माक्स व्हर्टहायमर यांनी १९२३ मध्ये मांडले, की जवळचे, सारखे आणि सलग ते मन आपोआप एकत्र बांधते. वाघाचे पट्टे हीच बांधणी मोडतात. उभ्या काळ्या रेघा गवताच्या सावल्यांत मिसळतात आणि देहाची कड तुटते. चितळाला तर नारिंगी आणि हिरवा यांतला भेदही नीट कळत नाही.

असा न दिसणारा प्राणी मोजायचा कसा? ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये पाऊलठशांची पद्धत पुढे आणली. ठशावर काच धरून त्याची बाह्यरेषा उतरवायची, ती कागदावर घ्यायची आणि ठसे जुळवून वाघ वेगळे करायचे. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ निघाले आणि पुढच्याच वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. आपल्याकडच्या वनरक्षकांच्याही दोन पिढ्या काच घेऊन धुळीच्या वाटा तुडवत राहिल्या. त्यांच्या कष्टांविषयी मला आदरच आहे.

अडचण जुळवण्यात होती. एकाच वाघाचा पंजा चिखलात पसरट, बारीक धुळीत नेटका, तर उतारावर लांबट उमटतो. उल्हास कारंथ यांनी पिंजऱ्यातील मोजक्या वाघांचे ठसे जाणकारांपुढे ठेवले, तेव्हा त्यांना प्रत्यक्षाहून जास्त वाघ दिसले. लबाडी कोणाची नव्हती. मनाने ठशांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला एकेक वाघ दिला, जसा मी खुंटाला दिला होता. या विश्वासाची किंमत २००५ मध्ये कळली. राजस्थानातील सारिस्का कागदोपत्री वाघांचे होते. शोध घेतला तेव्हा तिथे एकही वाघ उरला नव्हता.

त्यानंतर देशाने पद्धत बदलली. स्वयंचलित कॅमेऱ्यांतील छायाचित्रे आणि संख्याशास्त्र यांच्या आधारे २००६ च्या गणनेचा अंदाज १,४११ वर आला. आता ओळख पट्ट्यांवरून पटते. प्रत्येक वाघाची नक्षी वेगळी, शिवाय डावी-उजवी बाजूही एकमेकींशी जुळत नाही, म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना कॅमेरे लावतात. भक्ष्याच्या नजरेला चकवणारे पट्टेच आता वाघाचे ओळखपत्र झाले.

या इतिहासात एक नजर मात्र नोंदवायची राहते, ती वाघाची. सुंदरबनात १९८६ च्या सुमारास जंगलात जाणाऱ्यांनी डोक्यामागे माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधले होते. वाघ मागून येतो आणि चेहरा समोर दिसला तर बिचकतो, हा त्यामागचा विचार. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, वडसा भागात उन्हाळ्यात बाया वाकून मोहफुले वेचतात, तेंदूपत्ता तोडतात. उभा माणूस वाघ सहसा टाळतो. वाकलेल्या बाईची आकृती मात्र झुडपांच्या उंचीची, चार पायांच्या जनावरासारखी. पहाटेच्या अंधुक उजेडात वाघ त्या आकृतीला काय समजत असेल?

मी खुंटाला वाघ समजलो, त्याचे पुढे हसू झाले. तीच चूक वाघाकडून झाली तर एक घर उजाडते. म्हणून घोळक्याने जा, मोठ्याने बोलत राहा, मधूनमधून उभ्या राहा, असे गावोगावी सांगितले जाते. पण पोटासाठी वेचणाऱ्या बाईला दिवसभर ताठ उभे राहणे परवडत नाही. वाघ मोजण्याची रीत आपण चाळीस वर्षांत सुधारली. तिला वाकावे लागू नये, किंवा वाकूनही ती माणूसच दिसावी, याची रीत अजून शोधायची आहे.