वेंगुर्ल्याचा समुद्र आणि देवमासा

समुद्र म्हटलं की आता बेळगावकर सरळ गोव्याला पळतात. पण आपला जुना समुद्र वेंगुर्ल्याचा. हिंडलग्यावरून जाणाऱ्या रस्त्याला आपण अजून वेंगुर्ला रोडच म्हणतो की! सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली, तिच्या पडक्या भिंती आजही आहेत. 1812 साली हे बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं. बेळगावच्या छावणीचे गोरे शिपाई तिथंच उतरून घाट चढून यायचे. 1880 च्या दशकात बेळगावला रेल्वे आली, पुढे ती मुरगाव बंदराला जोडली गेली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. मासेमारी मात्र राहिली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही अनगोळचे पाच निवृत्त गडी पहाटे चारला गाडी करून निघालो. आंबोली उतरून आठच्या सुमारास निवती बंदर गाठलं. होडीतून किल्ला बघितला, लांबवर वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह दिसलं. डॉल्फिन तर दहा-बारा दिसले. पण आमचे एक मित्र देवमाशासाठी अडून बसले. होडीवाला हसून म्हणाला, "देवमासो रोज दिसणा नाय, काका."

पण तो या समुद्रात आहे. सिंधुदुर्गाजवळ ब्रायडीज जातीचा देवमासा दिसल्याच्या नोंदी आहेत. लांबी चाळीसेक फूट, आणि ध्रुवाकडे न जाता उबदार पाण्यातच राहणारा. नाव मासा असलं तरी त्याला श्वासासाठी वर यावं लागतं. जाळ्यात अडकून खाली राहिला की गुदमरून मरतो. 2023 च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या वाळूत एक पिल्लू अडकलं होतं. लोकांनी खटपट करून ते खोल पाण्यात नेलं, तरी वाचलं नाही.

1972 च्या कायद्यानं देवमाशाला संरक्षण आहे. पण भर समुद्रात कायदा कोण पाळतो? तो होडीवाला! असा प्राणी सापडला तर जाळं कापायचं. 2018 पासून महाराष्ट्र सरकार त्याची भरपाई देतं, जास्तीत जास्त 25,000 रुपये, फोटोचा पुरावा दिल्यावर. मी बँकेत असताना होड्यांची कर्जं बघितली आहेत. माझ्यातला बँकवाला लगेच हिशेब करू लागला: जाळं, डिझेल, बुडालेला दिवस, खलाशांचा वाटा आणि वर कर्जाचा हप्ता. भरपाई हाती येईल तेव्हा येईल. सुरी मात्र त्याच क्षणी चालवावी लागते, कारण अडकलेल्या प्राण्याचा श्वास अर्जासाठी थांबत नाही.

तेव्हा मंडळी, निवती-मालवणला जाल तेव्हा देवमासा दिसला नाही म्हणून होडीवाल्याशी भाड्यावरून घासाघीस करू नका. डॉल्फिनच्या मागं होडी पळवायलाही लावू नका. ते प्राणी अजून तिथं आहेत, त्यात त्याच्या कापलेल्या जाळ्याचाही वाटा आहे.