इंटरनेट दूरध्वनी : मोफत काय, सशुल्क काय

इंटरनेटच्या माध्यमातून आवाजाची देवाणघेवाण करणाऱ्या सेवेस इंटरनेट दूरध्वनी असे म्हटले जाते. या सेवेचे मोफत आणि सशुल्क असे दोन प्रकार ग्राहकांच्या परिचयाचे आहेत. त्यांतील मुख्य फरक संभाषणाच्या मार्गाचा आहे. दोन्ही टोकांना एकच ॲप असेल आणि आवाज आरंभापासून अखेरपर्यंत इंटरनेटवरूनच जाणार असेल, तर कॉल बहुधा मोफत असतो. पलीकडे साधा लँडलाइन अथवा मोबाइल क्रमांक असेल, तर आवाजाला इंटरनेट सोडून दूरध्वनी कंपनीच्या जाळ्यात शिरावे लागते. शुल्क आकारले जाते ते या वेशीवर. भारतात ही वेस कोणी, कधी आणि कोणत्या अटींवर ओलांडावी, यावरून बराच काळ वाद झाले. त्यांतील अनेक टप्प्यांशी चेन्नई शहराचा संबंध आहे.

देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा पहिल्या शहरांत चेन्नईचा, म्हणजे तेव्हाच्या मद्रासचा, समावेश होता. मात्र इंटरनेटवरून दूरध्वनी करण्यास त्यानंतर काही वर्षे मनाई होती. परदेशी कॉलचे उत्पन्न हा निगमाचा मोठा आधार असल्याने ही मनाई अनाकलनीय म्हणता येणार नाही. १ एप्रिल २००२ रोजी ती मर्यादित स्वरूपात उठली. संगणकावरून संगणकावर, तसेच भारतातील संगणकावरून परदेशातील दूरध्वनीवर बोलण्यास परवानगी मिळाली. भारतातील संगणकावरून भारतातीलच दूरध्वनी क्रमांक लावणे मात्र निषिद्ध राहिले. चेन्नईत मुख्यालय असलेल्या सत्यम इन्फोवे, अर्थात सिफी, या कंपनीने आपल्या 'आयवे' सायबर कॅफेंतून ही सेवा देऊ केली. आयएसडी बूथवर मिनिटागणिक वाढणाऱ्या बिलाकडे डोळे लावून बोलणाऱ्या कुटुंबांना हा स्वस्त पर्याय होता. तो सशुल्क होता, हे लक्षात घेतले पाहिजे. मोफत संभाषणाची सवय पुढे लागली.

ती सवय लावली ऑगस्ट २००३ मध्ये आलेल्या स्काइपने. स्काइपवरून स्काइपवर बोलणे मोफत होते आणि साध्या क्रमांकासाठी आगाऊ रक्कम भरावी लागे. भारतातील ग्राहकांना देशांतर्गत लँडलाइन व मोबाइल क्रमांकांवर कॉल करण्याची सोय स्काइपने १० नोव्हेंबर २०१४ पासून बंद केली. परदेशी क्रमांकांची सोय चालू राहिली.

या दोन प्रकारांतील फरकाची खरी परीक्षा डिसेंबर २०१५ च्या पुरात झाली. १ डिसेंबरच्या अतिवृष्टीनंतर अड्यार नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, विमानतळ बंद पडला आणि अनेक भागांतील वीज तोडावी लागली. वीज नसली की मोबाइल मनोरे बॅटरीवर आणि डिझेल जनित्रांवर चालतात. डिझेल पोहोचले नाही की ते मुके होतात. घरातील वायफाय तर वीज जाताच थांबते. ॲप हाती असूनही अशा वेळी मोफत कॉल लागत नाही. याउलट तांब्याच्या तारेवरील जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधून मिळते. त्यामुळे जेथे एक्स्चेंज आणि तारा शाबूत असतील, तेथे घरात काळोख असतानाही घंटा वाजू शकते. परदेशात असलेल्या मुलाला चेन्नईतील आईवडिलांची खबर घ्यायची, तर इंटरनेटवरून निघून त्या लँडलाइनपर्यंत पोहोचणारा कॉलच उपयोगाचा होता, आणि तोच सशुल्क होता. स्काइपने त्या दिवसांत या भागातील लँडलाइन व मोबाइल क्रमांकांवरील कॉल काही दिवस निःशुल्क करीत असल्याचे जाहीर केले. भारत संचार निगमानेही चेन्नईतील ग्राहकांना आठवडाभर मोफत कॉलची सवलत दिली. आपत्तीत माफ करावे लागले ते वेशीवरचेच शुल्क.

याच सुमारास देशात दुसरा वाद पेटला होता. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी लागणाऱ्या डेटाचे वेगळे दर जाहीर केले आणि टीकेनंतर ते मागे घेतले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार डेटाचे भिन्न दर आकारण्यास मनाई केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओने साधे कॉलही डेटाच्या पॅकमध्येच सामावून घेतले आणि देशांतर्गत पैसे वाचवण्यासाठी ॲप वापरण्याचे कारण जवळजवळ उरले नाही. तरीही वेस नाहीशी झाली नव्हती. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात कॉल पोहोचवण्यासाठी द्यावयाचा आकार मिनिटाला ६ पैसे होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये जिओने तो ग्राहकांकडूनच घेण्यास सुरुवात केली. १ जानेवारी २०२१ पासून हा आकार रद्द झाला.

दरम्यान २००२ पासूनची बंदीही सैल झाली. नियामकाच्या ऑक्टोबर २०१७ मधील शिफारशींनंतर परवानाधारक कंपन्यांना ॲपवरून देशातील कोणताही क्रमांक लावून देण्याची मुभा मिळाली. भारत संचार निगमाने २०१८ मध्ये 'विंग्ज' ही सेवा वार्षिक १,०९९ रुपये, अधिक कर, या दराने आणली. मोबाइलचे कॉल स्वस्त झाल्यानंतर आलेली ही सेवा फारशी रुजली नाही, यात नवल नाही.

मोफत कॉललाही डेटा लागतोच. आवाजी कॉलसाठी तो मिनिटाला एक मेगाबाइटच्या आतबाहेर असतो. चित्रफितीसह बोलल्यास कितीतरी अधिक. संभाषणाचा दर्जा मात्र शुल्कापेक्षा वाटेवर अवलंबून असतो. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोहोचण्यास साधारण १५० मिलिसेकंदांपेक्षा अधिक वेळ लागला, तर बोलणारे एकमेकांचे वाक्य तोडू लागतात. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्गे जाण्यास जवळपास पाव सेकंद लागतो. अंदमान-निकोबार बेटांची भिस्त दीर्घकाळ अशा उपग्रहांवर होती. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईहून टाकलेल्या सुमारे २,३०० किलोमीटर लांबीच्या सागरी केबलचे उद्घाटन झाले, तेव्हा तेथील रहिवाशांना खात्रीचा समुद्राखालचा मार्ग मिळाला. चेन्नईला सिंगापूरशी जोडणारी आयटूआय केबल २००२ पासूनचीच आहे.

सध्या दोन्ही प्रकार चेन्नईच्याच एका कंपनीच्या उत्पादनांत पाहावयास मिळतात. झोहोने जानेवारी २०२१ मध्ये आणलेले 'अरट्टाई' हे ॲप आवाजी व चित्रफितीसह कॉल मोफत देते. तमिळमध्ये या शब्दाचा अर्थ गप्पा असा होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याची दैनंदिन नवी नोंदणी तीन दिवसांत ३ हजारांवरून साडेतीन लाखांवर गेल्याचे कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनी सांगितले होते. याच कंपनीची 'झोहो व्हॉइस' ही सेवा मात्र शुल्क आकारते. ती व्यवसायांसाठी असून तिच्यात दूरध्वनी क्रमांक मिळतो आणि बाहेरचा ग्राहक साध्या फोनवरून त्यावर कॉल करू शकतो.

स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाले. मोफत ॲपवर विसंबणाऱ्यांनी त्यावरून ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागत नाही, हे ध्यानात ठेवावे. त्यासाठी साध्या मोबाइलवरून किंवा लँडलाइनवरून कॉल करावा लागतो. घरातील ज्येष्ठांकडे स्मार्टफोन नसेल, तर परदेशातील नातलगांनी त्यांच्या लँडलाइनवर कॉल पोहोचवणारी एखादी सशुल्क सेवा आधीच घेऊन, थोडी रक्कम भरून ठेवणे सोयीचे ठरते.