बोंडलं, बाटली आणि बाळंतीण

बाळंतिणीला भेटायला आलेली बाई टेकल्या टेकल्या जो प्रश्न विचारते, तो सिन्नरमध्येही तोच असतो: "अंगावरचं पुरतं ना गं?" बाळाचं वजन किती, नाक कोणावर गेलंय, हे सगळं त्यानंतर. प्रश्न मायेपोटीच येतो. पण उत्तर "नाही" असलं की माजघरातला सूर बदलतो. आळीव खाल्लेस का, डिंकाचे लाडू केलेत का, शेपू खातेस का, अशी उलटतपासणी सुरू होते. शेवटी कोणीतरी म्हणतं, "आमच्या वेळी नव्हती हो ही वरच्या दुधाची थेरं." या वाक्याने किती बाळंतिणींच्या डोळ्यांत पाणी आणलं असेल. म्हणून त्या "आमच्या वेळी"चाच माग काढावा असं मला वाटलं. तेव्हा खरंच काय होतं?

सिन्नर ही यादवांची सुरुवातीची राजधानी. गोंदेश्वराचं देऊळ त्याच काळाची खूण सांगत उभं आहे. पुढे राजधानी देवगिरीला गेली. तिथल्या यादवांच्या दरबारात तेराव्या शतकात हेमाद्रिपंडित होता, तोच आपला हेमाडपंत. त्याने वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. वाग्भटाच्या मूळ ग्रंथातला बाळाच्या संगोपनाचा भाग वाचला तर "आमच्या वेळी" किती मागे नेता येतं ते कळतं. आईचं दूध उत्तम, हे तिथे आहेच. ते नसेल तर दूध पाजणारी धात्री कशी निवडावी, हेही आहे. आणि तेही जमत नसेल तर बाळाला शेळीचं किंवा गाईचं दूध द्यावं, असंही स्पष्ट सांगितलं आहे. दूध का आटतं याची कारणं प्राचीन वैद्यांनी दिली आहेत ती राग, शोक, उपवास आणि जास्तीचे श्रम अशी. आईचा आळस किंवा हौस त्या यादीत नाही. शतकानुशतकं वैद्याच्या पोथीत वरचं दूध हा एक उपाय होता. त्यात आईचा गुन्हा कोणी शोधला नव्हता.

आता सतराव्या शतकात या. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ठीक नव्हती, बाळाला दूध पुरत नव्हतं. तेव्हा पुण्याजवळच्या कापूरहोळची धाराऊ गाडे दूधआई म्हणून आली. तिचे मुलगे राजांचे दूधभाऊ ठरले. ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते, आणि सांगताना सईबाईंना कोणी बोल लावत नाही. उलट धाराऊचं नाव आदराने घेतलं जातं. छत्रपतींच्या घरात दूध कमी पडलं तर दूधआई शोधली गेली. आज एखाद्या सुनेचं दूध कमी पडलं तर तिच्यातलं वैगुण्य शोधलं जातं.

अर्थात दूधआईची पद्धत सोन्यासारखी होती असं मी म्हणणार नाही. धाराऊला मान मिळाला. पण मोठ्या वाड्यांवर दूध पाजायला गेलेल्या कितीतरी बिननावाच्या बाया होत्या. त्यांच्या स्वतःच्या तान्ह्यांनी त्या काळात काय प्यायलं, हे कुठल्याही बखरीत लिहिलेलं नाही.

सामान्य घरांत वरचं दूध द्यायला बोंडलं होतं. चोच असलेलं ते छोटं भांडं, ऐपतीप्रमाणे चांदीचं नाहीतर पितळेचं. आजीच्या मांडीवर आडवं निजलेलं बाळ आणि त्याच्या ओठांच्या कडेने हळूहळू सोडलेली दुधाची धार, हे दृश्य जुन्या पिढीला अनोळखी नाही. ज्या घरात बोंडलं नव्हतं तिथे कापसाची वात दुधात भिजवून बाळाच्या तोंडात धरत. बाळाची आई बाळंतपणात दगावली, तापाने फणफणली, किंवा पुन्हा लवकर दिवस गेले, तर शेळी दारात बांधली जाई. हे सगळं "आमच्या वेळी" होतंच.

आणखी एक गोष्ट होती. बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक बऱ्याच घरांत पिळून टाकून देत, आणि बाळाला पहिले दोन-तीन दिवस मधाचं किंवा गुळाच्या पाण्याचं बोट चाटवत. त्याच घरात गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस शेजारपाजारी वाटला जाई. गाईच्या चिकाची किंमत कळली होती, बाईच्या चिकाची कळली नव्हती. म्हणजे जुन्या काळी सगळं अंगावरच्या दुधावरच चालत होतं, हे खरं नाही. आणि जुनं सगळं बाळाच्या हिताचं होतं, हेही नाही.

आईला बाळापासून तोडायला सुरुवात झाली ती गिरणीच्या भोंग्याने. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्यांना खोलीवर ठेवून जात. मूल दिवसभर निजून राहावं म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. हे त्या काळच्या सरकारी चौकशांत नोंदलेलं आहे. त्या बायांना शहाणपण शिकवायला पुष्कळ लोक होते. पण १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रश्न योग्य जागी नेला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी तिथे मांडलं. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. आई वाईट आहे का, असं तो कायदा विचारत नव्हता. तिला घरी राहायला पैसे कोण देणार, असं विचारत होता. या सगळ्या इतिहासात मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो, आणि आपण तो फार लवकर विसरलो.

दूधभुकटीचा डबा आपल्याकडे आला तोही याच सुमारास. स्वित्झर्लंडमध्ये आँरी नेस्ले यांनी १८६७ साली दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांचं बालान्न विकायला काढलं. ग्लॅक्सो ही न्यूझीलंडमधल्या नेथन कुटुंबाच्या दूधभुकटीची छाप. १९२४ साली ती विकण्यासाठी भारतात एक कंपनी उभी राहिली. नाशिकच्या अंबड वसाहतीत ज्या ग्लॅक्सोचा औषधांचा कारखाना आहे, तिचं मूळ या बाळाच्या डब्यात आहे. जाहिरातीत गुटगुटीत गोरं बाळ असे. पाहता पाहता बाळसेदार मुलाला "ग्लॅक्सो बेबी" म्हणायची रीत पडली. पुढे म्हैसूरच्या अन्नतंत्रज्ञान संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालान्न करण्याची पद्धत शोधली, अमूलने ते बाजारात आणलं, आणि "अमूल बेबी" हा शब्दही बोलण्यात आला. म्हणजे एक काळ असा होता की डबा हीच सुधारलेल्या आईची खूण होती. ज्या घरात डबा नाही ते घर मागासलेलं. तेव्हाही तपासली जात होती ती आईच.

सिन्नरकडे परत येते. विडी आणि सिन्नर ही जोडगोळी जुनी आहे. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असतं, सुपात तेंदूपान आणि तंबाखू. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. बाळ रडलं की सूप खाली ठेवायचं, हात धुवायचे, बाळाला घ्यायचं, आणि तेवढ्या विड्या हिशेबातून गेल्या. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्याच्या आवारापुरती. घरी बसून वळणाऱ्या बाईचं घर हाच तिचा कारखाना आणि तेच पाळणाघर. आता माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींत सिन्नरच्या लेकी-सुना कामाला जातात. २०१७ पासून प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला रोज दोन सुट्ट्या द्याव्यात हेही कायद्यात आहे. पण आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरल्याचं दाखवावं लागतं. ठेकेदाराकडून आलेल्या आणि दर काही महिन्यांनी नव्याने नाव लावल्या जाणाऱ्या मुलीला ते कुठून दाखवता येणार? कांदे लावायला किंवा खुरपायला रोजावर जाणारीला तर रजा ही गोष्टच नाही.

डब्यातला धोकाही सिन्नरला चांगला कळेल. तालुक्याचा पूर्व भाग, वावी-पांगरीकडचा, पर्जन्यछायेतला. तिथल्या गावांनी टँकरचं पाणी पुष्कळ प्यायलं आहे. भुकटी कितीही चांगली असो, ती मिसळायची त्या पाण्यात. पैसे पुरावेत म्हणून तीन चमच्यांऐवजी दीडच टाकला, बाटली नीट उकळली नाही, की जुलाब आणि कुपोषण ठरलेलं. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापुरात याच गोष्टीवर भाषण करून कंपन्यांवर सरळ हत्येचा आरोप ठेवला होता. १९७४ साली ब्रिटनमध्ये 'द बेबी किलर' ही पुस्तिका निघाली, नेस्लेवर बहिष्कार झाला, आणि मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पर्यायी दुधाच्या विक्रीची आचारसंहिता मंजूर केली. विरोधी मत एकट्या अमेरिकेचं होतं.

या लढाईत महाराष्ट्र पुढे होता याचा मला अभिमान वाटतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका आईचं जास्तीचं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला द्यायचं. म्हणजे धाराऊच, पण रक्त तपासून आणि कोणाचं बाळ उपाशी न ठेवता. डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्याला स्तनपानाच्या प्रसारासाठी देशव्यापी संघटना स्थापन झाली. १९९२ साली संसदेने कायदा केला. दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात बंद, फुकट नमुने बंद, डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र नाही.

हा कायदा नीट वाचावा. त्यात बांधलेला आहे तो कारखानदार, दुकानदार, दवाखाना, डॉक्टर. बाळाला बाटली देणाऱ्या आईविरुद्ध त्यात एक कलमही नाही. मात्र आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे ही सूचना डब्यावर छापणं सक्तीचं झालं. ती होती कंपनीला वेसण. पण रात्री दोन वाजता कुशीत रडणारं बाळ घेऊन ती सूचना वाचते कोण? शस्त्रक्रियेच्या टाक्यांवर हात ठेवून उठलेली, चार दिवस न झोपलेली, एकटी बाई. कंपनीला दिलेली ताकीद तिच्या मनात आरोप होऊन उतरते. भिंतीवरच्या भित्तिपत्रकांनी, स्तनपान सप्ताहांच्या भाषणांनी तेच केलं. विकणाऱ्याशी असलेलं भांडण हळूहळू पाजणारीच्या माथी आलं, आणि "आमच्या वेळी"वाल्या बायकांच्या हातात शास्त्राचा आधार आला.

आईच्या दुधाच्या बाजूने जे सांगितलं जातं ते खरं आहे, आणि ते मी पातळ करून सांगणार नाही. पहिल्या तासात छातीशी लावावं, सहा महिने पाणीसुद्धा देऊ नये, हे बाळाला जगवणारं ज्ञान आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी फक्त आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के होती. बाकीच्यांच्या आया बेपर्वा आहेत का? काहींच्या बाळाला कोणी पाणी पाजलं, काहींना चौथ्या महिन्यात कामावर जावं लागलं, काहींच्या औषधांनी दूध पाजणं धोक्याचं झालं, काहींनी मूल दत्तक घेतलं. आणि काहींनी, स्वतःचं शरीर, नोकरी, मन सगळं पाहून, ठरवून वरचं दूध दिलं. त्यांनाही कारण सांगायला लावू नये.

"दूध पुरत नाही" म्हणणारीला बसवून बाळाची पकड पाहावी, बाळ दिवसातून किती वेळा लघवी करतं ते विचारावं, वजन करावं. पुष्कळदा दूध पुरेसं असतं, पकड चुकलेली असते, आणि एका हुशार परिचारिकेच्या अर्ध्या तासाने ते सुधारतं. वरचं दूध द्यायचंच ठरलं असेल तर तेही तितक्याच आपुलकीने शिकवावं: पाणी खळखळ उकळून, सत्तर अंशांच्या खाली जाण्याआधी भुकटी मिसळावी, चमचा सपाट भरावा, पाजण्यापुरतं निववावं, उरलेलं ठेवू नये. बाटलीपेक्षा वाटी-चमचा धुवायला सोपा. नवजात बालकांच्या कक्षांत आज जे चोचीचं छोटं भांडं वापरतात ते आपलं बोंडलंच आहे. पण डब्याचा उच्चार झाला की कपाळाला आठी घालणाऱ्या माणसाला बाई हे काही विचारत नाही. ती गुपचूप दुकानातून डबा आणते, आणि चुकीचं माप तिथेच होतं.

महाराष्ट्राने एसटी स्थानकांत बाळाला पाजण्यासाठी 'हिरकणी कक्ष' केले. हिरकणीची कथा आपण कड्यावरून उतरणाऱ्या आईची म्हणून सांगतो. पण ती गडावर दूध विकायला आली होती, आणि तिची वाट अडवली होती ती वेळेवर बंद झालेल्या दरवाजाने. कथेत पुढे राजाने तिचा सत्कार केला, बुरुजाला नाव दिलं. रोज कामावर जाणाऱ्या बाईला कडा उतरायला लावण्यापेक्षा दरवाजा उघडा ठेवणं बरं. ठेकेदाराकडून कामाला आलेल्या मुलीला रजा, विडी वळणारीला पाळणाघर, आणि प्रत्येक हिरकणी कक्षात बसायला स्वच्छ बाक, हात धुवायला साबण आणि उकळलेलं पाणी असावं. पाणी अशासाठी की पिशवीतून डबा काढणारी आईही त्या खोलीत येऊन बसेल, आणि तिला कोणी "अंगावरचं पुरत नाही का?" असं विचारू नये.