घराचा धनी, जत्रेचा पाहुणा

जत्रेच्या गावी ज्याचे घर आहे, त्याला जत्रेत इतरांहून काही अधिक मिळावे की नाही, हा वाद जत्रांइतकाच जुना असावा. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडो शहराच्या आसपास, या वादाने गेल्या अर्धशतकात एक नवेच रूप धारण केले आहे. तेथील जत्रा बारा महिने चालते. तिला थीम पार्क म्हणतात. तेथील घर वर्षातून एखादा आठवडाच आपले असते. त्याला टाइमशेअर म्हणतात. अशा घरात ज्यांनी पैसा घातला, त्यांना शेजारच्या करमणूक-उद्यानात तिकिटाची सूट, भोजनगृहात सवलत, दरवाजा उघडण्यापूर्वी प्रवेश असे काही मिळावे काय? प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु एखाद्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाने कित्येक वर्षांच्या कराराने गुंतविलेली रक्कम त्याच्या पोटात असते, आणि ती गुंतविण्यास पुष्कळदा त्या सवलतीचीच भूल कारण झालेली असते. म्हणूनच या सवलती कोठून आल्या, कोणी दिल्या आणि कशासाठी दिल्या, हे पाहिल्यावाचून त्यांच्या न्याय्यतेचा निवाडा करता येत नाही.

या कथेचा आरंभ फ्लोरिडात नव्हे, तर कॅलिफोर्नियात आहे. १७ जुलै १९५५ रोजी वॉल्ट डिस्ने यांनी अनाहाइम येथे सुमारे १६० एकरांवर डिस्नेलँड उघडले. उभारणीस सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर लागले, आणि उतारूंसाठी हॉटेल बांधण्याइतका पैसा त्यांच्यापाशी उरला नाही. ते काम जॅक रॅदर या दुसऱ्या उद्योजकाने पत्करले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘डिस्नेलँड हॉटेल’ सुरू झाले. नाव डिस्नेचे, परंतु मालकी पराची! १९६१ साली उद्यानातील एकरुळी गाडी, म्हणजे मोनोरेल, वाढवून थेट या हॉटेलपर्यंत नेण्यात आली. उद्यानाशेजारी उतरणाऱ्यास मिळालेल्या सोयींचे हे एक आरंभीचे ठळक उदाहरण होय. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ही सोय त्या हॉटेलला केवळ शेजारी म्हणून मिळाली नव्हती. दोन व्यावसायिकांच्या परस्परसंमतीने ती मिळाली होती. सभोवार जी दुसरी मोटेले भराभर उभी राहिली, त्यांच्या दारापर्यंत ही गाडी गेली नाही.

त्या मोटेलांचे शल्य डिस्ने यांना जन्मभर लागून राहिले. गर्दी आपण जमवावी आणि तिच्यावर उत्पन्न मात्र शेजाऱ्यांनी काढावे, ही गोष्ट त्यांच्या मनाला टोचत होती. यामुळेच पुढचा प्रयोग करताना त्यांनी शेजारच राहू नये अशी तजवीज केली. १९६४ आणि १९६५ या वर्षांत निरनिराळ्या बनावट नावांच्या कंपन्यांमार्फत त्यांनी मध्य फ्लोरिडात सुमारे २७,००० एकर जमीन गुपचूप विकत घेतली. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या जवळजवळ दुप्पट भरेल एवढे हे क्षेत्र अवघ्या ५० लाख डॉलरांच्या आसपास त्यांच्या हाती आले. ऑक्टोबर १९६५ मध्ये स्थानिक वृत्तपत्राने खरेदीदाराचे नाव फोडले आणि भोवतालच्या जमिनींचे भाव एकाएकी भडकले. वॉल्ट डिस्ने १५ डिसेंबर १९६६ रोजी वारले. १९६७ साली राज्याच्या विधिमंडळाने ‘रीडी क्रीक’ नावाचा एक खास जिल्हा निर्माण करून रस्ते, जलनिःसारण, अग्निशमन, कर्जरोखे यांसंबंधीचे अधिकार प्रत्यक्षात कंपनीच्याच हाती सोपविले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडले, ते दोन स्वतःच्या हॉटेलांसह. या वेळी मोनोरेल थांबत होती ती मालकाच्या स्वतःच्या दारात.

तरीही शेजार टळला नाही. २७,००० एकरांची हद्द जेथे संपली, तेथून पुढे मोटेले, दुकाने आणि उपाहारगृहे यांची रांग लागली. १९७३ मध्ये सीवर्ल्ड आणि १९९० मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओज यांनी ऑर्लँडोत आपापली उद्याने उघडली, आणि सारा परिसरच करमणुकीची पेठ झाला. याच पेठेत टाइमशेअरने आपले दुकान मांडले.

टाइमशेअरची कल्पना मूळची युरोपातील. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग ही संस्था निघाली. तिच्या भागधारकांना संस्थेच्या विश्रामगृहांत आळीपाळीने राहता येत असे. त्याच दशकात फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील एका हिमक्रीडास्थानी ठरावीक काळापुरता निवासाचा हक्क विकण्याची पद्धत सुरू झाली. वर्षाचे आठवडे बावन्न; एक-दोन आठवडे डागडुजीसाठी राखून ठेवले, तरी एकच घर पन्नास कुटुंबांना विकता येते, हा त्यातील हिशेब. अमेरिकेत या पद्धतीस अनुकूल काळ आला तो १९७३ च्या तेलटंचाईनंतर. फ्लोरिडात बांधून तयार असलेल्या सदनिकांना गिऱ्हाईक मिळेना. जी सदनिका सबंध विकली जात नव्हती, ती आठवड्याआठवड्यांनी विकली जाऊ लागली. १९७४ साली आर.सी.आय. ही संस्था निघाली आणि एका गावचा आठवडा देऊन दुसऱ्या गावचा आठवडा घेण्याची सोय झाली. १९८१ साली फ्लोरिडाने या व्यवहारासाठी स्वतंत्र कायदा केला. आज त्या कायद्याने खरेदीदारास करार मोडून पैसे परत मागण्यासाठी दहा दिवसांची मुदत दिलेली आहे. ही मुदत द्यावी लागली, यावरूनच विक्रीच्या त्या बैठकांत मनुष्याची विचारशक्ती किती स्थिर राहत असेल, याची कल्पना येते.

थीम पार्कच्या सवलतीचा आणि टाइमशेअरचा संबंध जडला तो याच बैठकांत. सहल करण्यास आलेल्या जोडप्यास रस्त्याकडेच्या टपरीवर अथवा हॉटेलच्या दिवाणखान्यात गाठावयाचे, उद्यानाची तिकिटे निम्म्या किमतीत किंवा फुकट देऊ करावयाची, आणि त्याच्या मोबदल्यात दीड-दोन तास घराची वाखाणणी ऐकून घेण्याचे वचन घ्यावयाचे, ही ऑर्लँडोची रूढ रीत झाली. म्हणजे तिकीट हे घर घेणाऱ्याचे बक्षीस नव्हते; घर घेऊ न इच्छिणाऱ्यास बैठकीपर्यंत आणण्याचे ते आमिष होते. खरेदी झाल्यावर आमिषाचे प्रयोजन संपले. पुढच्या वर्षी तोच मनुष्य धनी म्हणून आला, की उद्यानाच्या दारात त्याला पूर्ण किंमत मोजावी लागे. आणि शेजारच्या टपरीवर एखादा नवखा पाहुणा निम्म्या किमतीत तिकीट घेताना दिसे. या धन्यांच्या मनातील सलाचे मूळ येथे आहे, आणि ते समजण्याजोगे आहे.

१९९१ साली या गोष्टीस निराळे वळण लागले. त्या वर्षी डिस्ने कंपनीने स्वतःच ‘डिस्ने व्हेकेशन क्लब’ काढला. आठवड्यांऐवजी तिने गुण विकले आणि मालकीला मुदत घातली. पहिल्या वसाहतीचा करार ३१ जानेवारी २०४२ रोजी संपावयाचा आहे. प्रारंभीच्या खरेदीदारांना मुक्कामाच्या काळात उद्यानांचा प्रवेश विनामूल्य देण्यात आला, आणि ही सवलत नव्वदीचे दशक संपेपर्यंतच आहे, हेही सांगण्यात आले. आता घर विकणारा आणि जत्रा भरविणारा एकच झाला. साहजिकच धन्याच्या अपेक्षेस एक नवा आधार मिळाला: ज्याच्यापाशी पैसे भरले, त्याच्याच दाराशी तो उभा होता.

परंतु घर म्हटले की ते विकलेही जाते. मूळ धनी वृद्ध झाला, मुले मोठी झाली, वार्षिक देणे जड झाले, की तो आपला हिस्सा कमी किमतीत दुसऱ्यास देऊन मोकळा होतो. अशा दुसऱ्या हातच्या खरेदीदारांची संख्या वाढली, तशी कंपनीने भेदाची रेघ ओढण्यास आरंभ केला. मार्च २०११ नंतर असा हिस्सा घेणाऱ्यास आपले गुण कंपनीच्या काही अन्य विश्रामस्थानांसाठी वापरता येईनात. एप्रिल २०१६ पासून भोजन, खरेदी, वार्षिक प्रवेशपत्र यांवरील सूट केवळ कंपनीकडून थेट घेणाऱ्यांपुरती राखण्यात आली. जानेवारी २०१९ नंतरच्या अशा खरेदीदारांना नव्याने बांधल्या जाणाऱ्या वसाहतींचे दरवाजेही बंद झाले. वार्षिक देखभालीचे देणे मात्र दोघांसही सारखेच. त्यातला मालमत्ता-कराचा वाटाही सारखाच.

धन्यांची बाजू बळकट आहे यात शंका नाही. हॉटेलचा उतारू यंदा येतो, पुढच्या वर्षी समुद्रकाठी जातो. टाइमशेअरचा धनी मात्र बांधलेला असतो. गर्दीचा हंगाम असो वा नसो, तो येतो, मुलाबाळांना आणतो, पुढे नातवंडांनाही आणतो. इतके खात्रीचे गिऱ्हाईक उद्यानाला दुसरे कोठे मिळणार? उलटपक्षी उद्यानाची बाजूही पोकळ नाही. घर दुसऱ्याकडून घ्यावयाचे आणि मान तिसऱ्याकडे मागावयाचा, हा कोठला न्याय? शेजाऱ्याच्या घराची किंमत उद्यानामुळेच वाढलेली असते. वाढीव किमतीचा लाभ देऊन वर सूटही उद्यानानेच का द्यावी? यावर कोणी असे म्हणेल की, राज्याने दिलेल्या अधिकारांच्या बळावर जे उद्यान वाढले, ते केवळ खाजगी अंगण मानता येणार नाही. रीडी क्रीकची ती व्यवस्था २०२३ साली बदलली आणि जिल्ह्याचे नियंत्रण राज्याने नेमलेल्या मंडळाकडे गेले, हे खरे. पण सार्वजनिक अधिकारांच्या मोबदल्यात काही देणे असेलच, तर ते फ्लोरिडाच्या सर्व जनतेचे आहे. एका विशिष्ट प्रकारच्या घरमालकांचे नव्हे.

मराठी वाचकास हा वाद उलगडण्यास आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेचा दाखला उपयोगी पडावा. मराठेशाहीच्या गावात मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे कुळवाडी असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावात त्याला मान. उपरी आज या गावी तर उद्या त्या गावी. मिरास विकली गेली, म्हणजे घेणाऱ्यास मिरासदाराचा दर्जा मिळे. पाटीलकीचा निम्मा वाटा विकताना तर विक्रीपत्रात मानपानाची कलमेच लिहून काढीत: पोळ्याला कोणाचे बैल पुढे, होळीला पोळी कोणाची आधी, टिळा-विडा कोणास प्रथम. मान म्हणजे मोघम मेहेरबानी नव्हे, तर कागदावर उतरलेली वस्तू, हे त्या शेतकऱ्यांस पक्के ठाऊक होते. कागदावर नसलेल्या मानावरून भांडणे होतात, हेही त्यांना ठाऊक होते.

ऑर्लँडोच्या प्रश्नाचे उत्तर याच वाटेने मिळते. सवलती दोन जातींच्या असतात. एक मुक्कामाची, दुसरी खरेदीची. १ ऑक्टोबर २०२१ पासून डिस्नेने आपल्या वसाहतींत आणि काही ठरावीक शेजारच्या हॉटेलांत उतरलेल्या सर्वांनाच उद्यानात अर्धा तास आधी प्रवेश दिला. ही मुक्कामाची सोय. ती राहणाऱ्याची आहे, मग त्याने हिस्सा कोणाकडूनही घेतलेला असो. हिस्सा घेणाऱ्याने तितकेच वार्षिक देणे दिले असेल, तर घर, तरणतलाव, वाहतूक आणि मुक्कामाशी निगडित सोयी यांत त्याला उणे लेखणे अन्यायाचे होय. भोजनावरील सूट आणि वार्षिक प्रवेशपत्राची सवलत या खरेदीच्या सोयी. त्या विकणाऱ्याने विक्री वाढावी म्हणून दिलेल्या असतात. फ्लोरिडाच्या कायद्याने अशा गोष्टींना आनुषंगिक लाभ असे वेगळे नाव दिले असून, त्या पुढे चालू राहतीलच असे नाही, हे खरेदीदारास लेखी कळविण्याचे बंधन घातले आहे. कायद्याने सांगितलेले हे वाक्य बैठकीतील गोड भाषणाच्या गडबडीत वाचले जात नाही, एवढीच काय ती अडचण.

तेव्हा केवळ शेजारी घर आहे म्हणून परक्या कंपनीच्या धन्यास उद्यानात हक्क सांगता येत नाही. तो इतरांसारखाच जत्रेचा पाहुणा आहे. उद्यानाने जुने गिऱ्हाईक म्हणून त्याला सूट दिली, तर तो शहाणपणाचा व्यापार होईल. ऋण फेडल्यासारखे होणार नाही. ज्याने खुद्द उद्यानाकडूनच घर घेतले, त्याचा हक्क मात्र खरेदीच्या वेळी जे लिहून दिले असेल तेवढ्यापुरता पुरा आहे, आणि तो मुदतीच्या अखेरच्या दिवसापर्यंत पाळला गेला पाहिजे. जे लिहून दिले नाही, पण ज्याच्या जोरावर घर विकले, त्याविषयी कंपनी कायद्याने निर्दोष ठरेल. सचोटीच्या दृष्टीने ठरेलच असे नाही. विकणाऱ्याने जिभेने दिलेला मान कागदावर उतरवून घेतल्याशिवाय सही करू नये, एवढा धडा मिरासपत्रे लिहिणाऱ्या जुन्या कुळकर्ण्याने ऑर्लँडोच्या कोणत्याही खरेदीदारास दिला असता.